विचारा की! घरचं मटर पनीर, हॉटेलचं नव्हे

या महिन्यात पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळं मिळून गाडी पनीरवरच येऊन थांबली. मटार स्वस्त झालेत म्हणून असेल. माझी बरीच वर्षं अंबाला आणि मेरठच्या छावणीत गेली, तिथल्या शेजारणींच्या ओट्याजवळ उभं राहून जे बघितलं त्याच्या जोरावर सांगतेय. निवडक प्रश्न घेतलेत, सारखेच होते ते एकत्र केलेत.

ताई, यूट्यूब बघून काजू, क्रीम, बटर सगळं घालून मटर पनीर केलं पण दिल्लीला मावशीच्या शेजाऱ्यांकडे खाल्लं होतं तसं अजिबात होत नाही. ते पातळ होतं, लालभडकही नव्हतं पण चव काय होती! आमचं गोडमिट्ट होतं. काय राहतंय? (एक वाचक, ठाणे)

राहत काही नाहीये हो, जास्तीचं पडतंय! आपल्याकडे पंजाबी भाजी म्हटलं की जी केशरी, दाट, जराशी गोड ग्रेव्ही डोळ्यापुढे येते ती हॉटेलची. फाळणीनंतर पेशावरकडून आलेल्या मंडळींनी दिल्लीत दर्यागंजला मोतीमहल काढलं, टोमॅटो-लोणी-क्रीमची मखनी तिथली गाजली आणि मग गावोगावच्या हॉटेलांनी तीच उचलली (ती पहिल्यांदा कोणी केली यावरून 2024 मध्ये दिल्ली हायकोर्टात दावासुद्धा लागलाय, घ्या!). पण तिथल्या घरांत रोजच्या जेवणात हे कोणी करत नाही. मंगळवारी मटण-अंडं चालत नाही म्हणून पनीर आणलं, फ्रीजमध्ये मटार आहेत, कुकर चढवला, झालं. त्यात काजू नाही, क्रीम नाही, साखर तर नाहीच. रस्सा पातळसर, कारण तो आधी फुलक्याशी आणि मग भातावर घेऊन खायचा असतो.

मग चव येते कुठून? तर मसाला भाजण्यातून, त्याला ते 'भूनना' म्हणतात आणि त्यात कुणी घाई केली की सासू लगेच ओळखते. आता माप सांगते, चार माणसांचं. पनीर पाव किलो, सोललेले मटार वाटीभर, दोन मध्यम कांदे, तीन लालबुंद पिकलेले टोमॅटो, इंचभर आलं, पाच-सहा लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची. कांदा एकतर अगदी बारीक चिरा नाहीतर किसणीवर किसा, कच्चा कांदा मिक्सरमधून गुळगुळीत वाटू नका, त्याला कधीकधी कडवटपणा येतो आणि पाणी इतकं सुटतं की तो परतला न जाता शिजतच बसतो. कढईत दोन मोठे चमचे तेल (मोहरीचं असेल तर आधी धूर येईपर्यंत तापवून जरा निवू द्यायचं, मग पुन्हा आच), त्यात जिरं, एक तमालपत्र आणि एक मसाला वेलदोडा, तो काळा मोठा असतो ना, धुरावर वाळवलेला, तो. हिरवी वेलची घालू नका, तिनं गोडसर वास येतो आणि पुन्हा हॉटेलच्या रस्त्याला लागतो आपण.

कांदा मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं. गुलाबी झाला की बस म्हणतात ना, ते इथं नाही चालत, बदामी व्हायला हवा, कारण त्या दिल्लीच्या भाजीचा जो तपकिरी-पिवळा रंग तुम्हाला आठवतोय तो या कांद्याचा आणि हळदीचा आहे, लाल तिखटाचा नव्हे. मग ठेचलेलं आलं-लसूण-मिरची, मिनिटभर. मग आच कमी करून अर्धा चमचा हळद, दोन चमचे धणेपूड, एक चमचा काश्मिरी तिखट, आणि लगेच दोन चमचे पाणी मारा म्हणजे मसाला जळत नाही. आता टोमॅटो, किसून किंवा वाटून, आणि मीठ इथंच घाला, त्यानं टोमॅटो लवकर गळतो.

आता खरी परीक्षा. टोमॅटो टाकल्यावर पाच मिनिटांत तो शिजल्यासारखा दिसतो आणि आपण पाणी ओतून मोकळे होतो. थांबा! मसाल्यात पाणी आहे तोवर त्याची उष्णता शंभर अंशाच्या आसपासच अडकून राहते, म्हणजे तो उकडतोय, भाजला जात नाहीये. पाणी उडून गेलं की उष्णता वर चढते, कच्चा वास जातो, टोमॅटोचा आंबटपणा मऊ होतो आणि धरून ठेवलेलं तेल कडेनं बाहेर पडायला लागतं. याला अजून दहा-बारा मिनिटं लागतात, मधेमधे तळ खरवडायचा, चिकटलं तर चमचाभर पाण्याचा शिपका द्यायचा आणि परत भाजायचं. उलथनं फिरवल्यावर मसाल्याचा गोळा एकत्र फिरला, कढई मागं स्वच्छ राहिली आणि कडेला तेल चमकलं की समजा झालं. तुमची भाजी गोडमिट्ट होते त्याचं कारणही इथंच आहे बघा, मसाला कच्चा राहिला की आंबट लागतो, मग आपण साखर घालतो, मग ते बेचव वाटलं की क्रीम घालतो आणि मग काजूची पेस्ट.

पुढचं सोपं आहे. मटार घालून दोन मिनिटं मसाल्यात फिरवा, दोन-अडीच वाट्या गरम पाणी घाला (गार नको, उकळी मोडते आणि वेळ जातो), झाकण ठेवून मटार शिजू द्या. मसाला कुकरमध्येच केला असेल तर एक शिट्टी, आणि मटार फ्रोझन असतील तर तीही नको. चार-पाच मटार डावानं चेचा आणि पनीरचे दोन तुकडे हातानं कुस्करून रश्श्यात सोडा, त्यानं रस्सा मिळून येतो, काजूचं काम फुकटात. मग पनीर, चार मिनिटं मंद आच, शेवटी अर्धा चमचा गरम मसाला, मूठभर कोथिंबीर, आणि झाकून दहा मिनिटं तसंच ठेवा. कसुरी मेथीचं बऱ्याच जणींनी विचारलंय, तर घाला हवी तर, चमचाभर, तव्यावर किंचित गरम करून तळहातावर चुरडून. कसूर हे लाहोरच्या दक्षिणेचं गाव, आता पाकिस्तानात, त्याच्यावरून तिचं नाव पडलंय. पण कोथिंबीर भरपूर असेल तर मी नाही घालत, दोन्हीचा वास एकमेकांवर चढतो.

पनीर तळून घातलं की खोडरबरासारखं होतं आणि न तळता घातलं तर रश्श्यात फुटतं. मधला मार्ग सांगा. (नाशिक)

पनीर वितळत नाही हे तर तुम्हाला माहितीये. चीज गरम झालं की पसरतं, पनीर पसरत नाही कारण ते उकळत्या दुधात लिंबू-व्हिनेगर घालून केलेलं असतं, आंबटपणामुळे त्याच्या प्रोटीनला बांधणारं कॅल्शियम बरंचसं पाण्यात निघून जातं आणि प्रोटीन एकमेकांना घट्ट धरून बसतात. उष्णता दिली की ते वितळायच्या ऐवजी आतलं पाणी सोडत जातात. म्हणजे जितकं तळाल तितकं सुकणार आणि चिवट होणार, यात तुमचा हात वाईट नाहीये.

तेव्हा तळायचंच असेल तर चमचाभर तेलात, फक्त दोन बाजू सोनेरी, आणि कढईतून काढून थेट मीठ घातलेल्या कोमट पाण्यात सोडायचं, दहा-पंधरा मिनिटं. ते पाणी परत शोषतं, मिठाची चवही आत जाते (पनीर अळणी लागतं ही तक्रार पण यातच मिटते). उत्तरेकडे बऱ्याच घरांत अजूनही तळतात, त्यांना ती कड आवडते. मी मात्र चांगलं ताजं पनीर असेल तर तळत नाही, तसंच टाकते. फुटतं ते दोन कारणांनी, एक म्हणजे ते नीट दाबलेलं नसतं, दुसरं म्हणजे आपण पनीर घातल्यावर डाव ढवळत बसतो. कढईचे कान धरून हलवा, डाव लावू नका. फ्रीजरमधलं पनीर असेल तर ते थोडं भुसभुशीत होणारच, बर्फानं आत भोकं पाडलेली असतात, रश्श्याच्या भाजीत तरीही चालतं.

बाजारात सुटं पनीर 220 रुपये किलोनं मिळतंय. घ्यावं का? आयोडीन टाकून बघतात ते खरं आहे का? (जळगाव)

गणित करा. किलोभर पनीरला साधारण चार ते पाच लिटर फुल क्रीम किंवा म्हशीचं दूध लागतं. तुमच्याकडे फुल क्रीम लिटरला काय पडतं? पासष्ट-सत्तरच्या घरात असेल तर नुसत्या दुधाचेच तीनशेच्या आसपास झाले, वर गॅस, मजुरी, दुकानदाराचं मार्जिन. मग 220 ला तो काय देतोय?

बहुतेक वेळा ते ॲनालॉग असतं, म्हणजे दुधाच्या फॅटऐवजी पाम वगैरे वनस्पती तेल वापरून पनीरसारखं केलेलं. ते विकणं बेकायदा नाही, पण पनीर म्हणून विकणं चालत नाही. एफएसएसएआयच्या (म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमात पनीरमध्ये पाणी 60 टक्क्यांपेक्षा जास्त नसावं आणि कोरड्या भागात दुधाचं फॅट निदान 50 टक्के असावं असं आहे (लो फॅट पनीरचं वेगळं). पाकिटावर मागच्या बाजूला घटकांत बघा, दूध आणि ते फाडायला लागणारं आंबट काहीतरी, एवढंच असायला हवं. खाद्यतेल लिहिलेलं दिसलं की ठेवून द्या.

आयोडीनचं अर्धं खरं आहे. तुकडा पाण्यात उकळून, गार करून, वर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकले आणि निळं-काळं झालं तर पिठाची म्हणजे स्टार्चची भेसळ. पण तेलाचं पनीर असेल तर आयोडीन काही सांगत नाही, रंग बदलला नाही म्हणून खूश होऊन खाऊ नका. आणि तपासलेला तुकडा टाकून द्यायचा, हे सांगावं लागतं कारण एका बाईंनी मला तो धुवून खाता येईल का असं विचारलं होतं. बोटांत चुरून बघा, खऱ्या पनीरला दुधाचा वास आणि दाणेदारपणा येतो, ॲनालॉग बऱ्याचदा गुळगुळीत आणि ताणलं जाणारं लागतं. पण ही खूणगाठ काही लॅबची टेस्ट नाही.

ताई, आम्ही म्युनिकला असतो. इंडियन स्टोअरचं पनीर फारच महाग आणि गोठवलेलं. घरी करायला गेले तर दूध फाटतं पण गोळा होत नाही, नुसता मऊ रवा पडतो. लिंबू वाढवून पण बघितलं. (एक वाचक, जर्मनी)

दूध कुठलं घेतेस? मला वाटतं तू शेल्फवरचं एच-मिल्श घेत असणार, फ्रीजबाहेर महिनोन् महिने टिकणारं. ते खूप जास्त तापवलेलं असतं, त्यात प्रोटीनची ठेवण आधीच बदललेली असते, त्यामुळे फाटलं तरी पकड कमी येते. तू फ्रीजमधलं फ्रिशमिल्श घे, निदान 3.5 टक्क्यांचं, आणि लिटरमागे 100 मिली साधं 30 टक्क्यांचं क्रीम घाल, म्हणजे फॅट सहाच्या जवळ जातं, जे आपल्या फुल क्रीमचं असतं. इकडचं टोन्ड दूध 3 टक्के फॅटचं, त्याचंही पनीर थोडं कोरडंच होतं.

आता कृती. दूध उकळलं की गॅस बंद, दोन-तीन मिनिटं थांब. मग लिटरमागे दोन मोठे चमचे लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा घाल, हलक्या हातानं ढवळ, हिरवट पाणी वेगळं दिसलं की लगेच थांब. लिंबू वाढवून बघितलं म्हणतेस, तिथं आणखी बिघडतं, पुष्कळ आंबट पडलं की चोथा कडक आणि आंबट होतो. पाच मिनिटं तसंच राहू दे, मग पंचात गाळ, वरून एकदा गार पाणी ओतून आंबट धुवून काढ, पिळू नको, घडी घालून वर किलो-दीड किलो वजन ठेव, वीस-पंचवीस मिनिटं. जास्त वेळ दाबलंस तर दगड. लिटरला पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅमच्या आसपास निघेल, त्याच्यापेक्षा जास्तीची अपेक्षा नको. उरलेल्या पाण्यात कणीक मळ, फुलके छान मऊ होतात, रश्श्यात घालायचं असेल तर अर्ध्या वाटीच्या वर नको कारण टोमॅटो आधीच आहे.

सासूबाई कांदा-लसूण मुळीच खात नाहीत. त्याशिवाय पनीरची भाजी म्हणजे नुसती टोमॅटोची चटणी लागते. (सोलापूर)

मग टोमॅटोच्या मागं लागू नका ना! काश्मिरी पंडितांकडचं ल्यदर चामन करून बघा, चामन म्हणजे त्यांच्याकडे पनीर. यात कांदा नाही, लसूण नाही, टोमॅटो पण नाही, आणि माझ्या मते पनीरच्या सगळ्या प्रकारांत हे सगळ्यात सभ्य. पनीरचे मोठे, जाड चौकोन करून हलके सोनेरी तळा. पातेल्यात अडीच वाट्या पाणी उकळत ठेवा, त्यात चमचाभर हळद, दोन चमचे बडीशेपेची पूड, एक चमचा सुंठपूड, मीठ, आणि तळलेलं पनीर सोडा. दुसरीकडे लहान कढईत चमचाभर तेलात चिमूट हिंग, दोन-तीन लवंगा, एक तमालपत्र, दोन हिरव्या वेलच्या ठेचून (इथं हिरवी चालते, हवीच), ती फोडणी वर ओता. पंधरा मिनिटं मध्यम आचेवर उकळू द्या, रस्सा अर्धा आटला की अर्धी वाटी सायीचं दूध घालून आणखी पाच मिनिटं. आंबट काहीच नसल्यामुळे दूध फाटत नाही. पिवळाधमक, पातळ, बडीशेपेचा वास. भाताबरोबर खायचा, पोळीशी तेवढी मजा नाही. बडीशेप घरी ताजी दळा, विकतची पूड बऱ्याचदा भुशासारखी असते.

आणि टोमॅटोचंच हवं असेल तर उत्तर प्रदेशात करतात तसं, हिंग-जिऱ्याची फोडणी, आलं भरपूर किसून, टोमॅटो आणि तोच भाजण्याचा नियम. फक्त कांदा नसल्यामुळे रस्सा पातळ राहतो, तर टोमॅटो घालायच्या आधी चमचाभर बेसन तेलात खमंग भाजून घ्या.

मी मटर पनीरमध्ये आमचा कांदा-लसूण मसाला घालते. सगळे नावं ठेवतात. चालतं का? (कोल्हापूर)

चालतं की, तुमची कढई, तुमचं पनीर! खोबरं, तीळ आले की भाजी आपल्याकडची झाली, चवीला झकास लागेल, फक्त तिला उत्तरेकडची म्हणू नका म्हणजे भांडण मिटलं. गोडा मसाला मात्र नको हो. दगडफूल आणि टोमॅटो-आल्याचं जमत नाही, आमटीत बुडवलेलं पनीर लागतं.

मी पुण्यात रूमवर राहतो. एक इंडक्शन, एक कढई, मिक्सर नाही. आईसारखं नको, खाण्यासारखं झालं तरी बास. (पुणे)

अरे मिक्सर नसणं हे तर चांगलंच, किसणी घे पन्नास-साठ रुपयांची. कांदा किस, टोमॅटो अर्धा कापून किस म्हणजे साल हातात राहते. आलं-लसूण वाटीच्या बुडानं चेच. बाकी वरचंच सगळं, दोन माणसांपुरतं करायचं तर सगळं निम्मं. इंडक्शनवर एक धोका, तो मधोमध फार तापतो आणि मसाला एकाच जागी करपतो, तेव्हा पॉवर मध्यम ठेव आणि फोन बाजूला ठेव, रील बघत मसाला भाजता येत नाही. मटार नसतील तर बटाटा बारीक चिरून घाल, आलू-पनीर, ते पण तिकडे घराघरात होतं. मसाला जास्तीचा भाजून गार करून डबीत भरलास तर फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतो, पुढच्या वेळी दहा मिनिटांत भाजी.

दही घातलं की रस्सा फाटतो. क्रीमऐवजी दही घाला असं सगळे सांगतात, मग आमचंच का फाटतं? (नागपूर)

दही आधीच आंबट, त्यात जोराची आच, त्याचे प्रोटीन आकसतात आणि पाणी वेगळं पडतं. फ्रीजमधलं गार दही उकळत्या मसाल्यात ओतलं तर फाटणारच. बाहेर काढून ठेवा, अर्धी वाटी दह्यात चमचाभर बेसन घालून घोटा, आच अगदी मंद करा, एकेक चमचा घालत सतत हलवा आणि उकळी येईपर्यंत हात थांबवू नका. लो फॅट दही नको. आणि दही घालणार असाल तर टोमॅटो एकच ठेवा, दोन्ही आंबट कशाला?

सकाळी केलेली भाजी डब्यात दुपारपर्यंत सुकते आणि पनीर कडक होतं. (मुलुंड)

डब्यासाठी वेगळं करायचं. रस्सा नेहमीपेक्षा वाटीभर जास्त पातळ ठेवा, मटार आणि पनीर तो ओढून घेतात. पनीर तळू नका, मोठे तुकडे ठेवा, आणि गॅस बंद केल्यावर गरम रश्श्यात सोडा, उकळू नका. ऑफिसात मायक्रोवेव्ह असेल तर दोन चमचे पाणी शिंपडून झाकून एक मिनिट, एकदम तीन मिनिटं लावाल तर पनीर पुन्हा नाशिकच्या बाईंचं होईल. पोळ्या वेगळ्या डब्यात द्या, आणि डबा गळका असेल तर सरळ भुर्जी करा.